काळ्या ठशाची कुळकथा

नांदेड किंवा लातूर जिल्ह्यांतील एखाद्या जुन्या घरच्या देवघरांत पाहिलें, तर तांबड्या फडक्यांत बांधलेली एखादी पोथी बहुधा आढळतेच. पांडवप्रताप, हरिविजय, शिवलीलामृत, गुरुचरित्र, नवनाथ भक्तिसार, नांव कोणतेंहि असो, पोथीचें रूप एकच असतें. पानें आडवीं व सुटीं, ओळी लांब, आणि अक्षर मोठें, भरघोस व काळेंभोर. त्याच घरांतील मुलांचीं पुस्तकें, वर्तमानपत्रें, बँकेचीं पत्रें हीं सर्व नाजुक व बारीक अक्षरांत छापलेलीं असतात. पोथीचें अक्षर मात्र पैलवानासारखें पानावर पाय रोवून उभें असतें. हें असें कां, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. पोथीचें अक्षर तसेंच असावयाचें, एवढ्यावर आपलें समाधान होतें. परंतु कोणतेंहि अक्षर आपोआप जाड होत नाहीं. कोणीतरी तें पोलादावर कोरलेलें असतें, कांहीं विशिष्ट गरजेसाठीं कोरलेलें असतें, आणि त्या कोरण्यामागें एक परंपरा असते. जुन्या छापखान्यांतील मंडळी या अक्षरास ‘काळा टाईप’ म्हणत. आम्ही त्यास काळा ठसा म्हणूं, आणि त्याचें कुळ, त्याचा स्वभाव व त्याचा उपयोग यांविषयीं चार गोष्टी वाचकांपुढें ठेवूं.

आरंभींच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. मोठें अक्षर आणि काळें अक्षर या दोन वस्तू निराळ्या आहेत. अक्षराची उंची वाढविली म्हणजे तें मोठें होतें. उंची तीच ठेवून रेषेची जाडी वाढविली म्हणजे तें काळें होतें. एकाच उंचीच्या दोन ओळी शेजारीं ठेविल्या, एक साध्या ठशाची व दुसरी काळ्या ठशाची, तर दुसरी ओळ हातभर लांबूनहि डोळ्यांस बोलावते. हें बोलावणें हाच काळ्या ठशाचा धर्म. पण बोलावणें आणि ओरडणें यांत जो फरक आहे, तोच चांगल्या व वाईट काळ्या ठशांत आहे. तो कसा, हें पुढें येईलच.

हस्तलिखितांच्या काळीं हें बोलावण्याचें काम जाडीनें होत नसे, रंगानें होत असे. लेखक सर्व ग्रंथ एकाच बोरूनें लिही. अध्यायाचा आरंभ, ‘उवाच’ हा शब्द, श्लोकाचा अंक किंवा समाप्तीचा मजकूर आला म्हणजे तो हिंगुळाची तांबडी शाई घेई, किंवा लिहिलेल्या अक्षरांवरून गेरूचा हात फिरवी. युरोपांतील मठांतहि हीच रीत होती. छापण्याची कला आल्यावर मात्र तांबडा रंग महाग पडूं लागला. कारण दुसऱ्या रंगासाठीं तेंच पान यंत्राखालून दुसऱ्यांदा काढावें लागे. म्हणजे रंगाचें काम करील असें कांहींतरी एकाच काळ्या शाईंत शोधणें भाग पडलें. जें पूर्वीं तांबड्यानें सांगितलें जाई, तें आतां अधिक काळ्यानें सांगावयाचें, हा तो शोध होय. आमच्या मतें काळ्या ठशाचा जन्म या काटकसरींत आहे.

तथापि जाड अक्षराची आवड आपल्याकडे छापखान्याच्या आधींपासून होती. मराठवाड्यांतीलच एक उदाहरण घ्यावयाचें, तर लातूरपासून जवळच असलेल्या अंबेजोगाईच्या दासोपंतांचें घ्यावें. दासोपंतांनीं (१५५१–१६१५) पंचीकरणाचा विषय कागदावर न लिहितां कापडावर लिहिला. सुमारें चाळीस फूट लांबीची ती ‘पासोडी’ प्रसिद्धच आहे. कापडावर सूक्ष्म अक्षर टिकत नाहीं. शाई फुटते, धागा आडवा येतो. तेथें भरीव अक्षरच हवें. ज्या पृष्ठावर लिहावयाचें त्याचा खडबडीतपणा अक्षराची जाडी ठरवितो, हा नियम पुढें छापखान्यांतहि तितकाच खरा ठरला.

युरोपांत या ठशाची कथा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभास सुरू होते. लंडनमध्यें व्यापार वाढला, भिंतींवर जाहिराती लागूं लागल्या, आणि पुस्तकाचें नाजुक अक्षर भिंतीवर अपुरें पडूं लागलें. तेव्हां रॉबर्ट थॉर्न प्रभृति ओतकामगारांनीं अतिशय लठ्ठ अक्षरें काढलीं. त्यांच्या उभ्या रेषा खांबासारख्या, आडव्या रेषा मात्र केसासारख्या बारीक. अमेरिकेंत डॅरियस वेल्स यानें १८२७ च्या सुमारास लांकडी अक्षरें यंत्रानें कोरण्याची युक्ति काढली, आणि मग हातभर उंचीचीं अक्षरें स्वस्तांत मिळूं लागलीं. हीं अक्षरें भिंतीवर शोभत, पण पुस्तकांत साध्या अक्षराच्या शेजारीं बसविलीं तर पाहुण्याच्या पंक्तींत पैलवान बसल्यासारखें होई. ती उणीव १८४५ मध्यें लंडनच्या फॅन स्ट्रीट ओतशाळेच्या रॉबर्ट बेस्ली यानें भरून काढली. ‘क्लॅरेंडन’ या नांवानें त्यानें जो ठसा बाजारांत आणला, त्याचें कोरीव काम बेंजामिन फॉक्स यानें केलेलें होतें. अक्षर काळें, पण बेताचें. रेषेच्या टोकाची जी बैठक असते, जिला इंग्रजींत सेरिफ म्हणतात, ती मजबूत व वळणदार. आणि मुख्य म्हणजे साध्या ठशाच्या शेजारीं तो गुण्यागोविंदानें नांदे. कोशांतील मूळ शब्द ठळक छापून त्याचा अर्थ साध्या अक्षरांत द्यावयाचा, ही जी सोय आज आपण गृहीत धरतों, ती रुळविण्यांत या ठशाचा वांटा मोठा आहे. बेस्लीनें नव्या कायद्याखालीं या ठशाची नोंद केली होती. पण तें संरक्षण तीनच वर्षांचें होतें. मुदत संपतांच इतर ओतशाळांनीं नक्कल करण्याची एकच घाई केली. नक्कल होणें हीच ठशाची खरी पावती, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां आपल्या घरीं येऊं. देवनागरीचे सुटे खिळे प्रथम परदेशांत पडले. रोम येथें १७७१ मध्यें छापलेल्या एका पुस्तकांत ते दिसतात. पुढें बंगालमध्यें श्रीरामपूर येथें विल्यम कॅरे याच्या छापखान्यानें पंचानन कर्मकार या कारागिराच्या मदतीनें देशी लिप्यांचे खिळे पाडले, आणि कॅरेचा मराठी कोश १८१० मध्यें मोडी खिळ्यांत निघाला. महाराष्ट्रांत त्याच सुमारास, म्हणजे १८०५ मध्यें, मिरजेस तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरें कोरून भगवद्गीता छापण्यांत आली. त्या पत्र्यांत सुटे खिळे नव्हते. पोथीचें पान जसें लिहीत, तसेंच तें कोरलें होतें. छापावयाचें, पण पोथीसारखें दिसलें पाहिजे, ही इच्छा तेव्हांपासून आहे.

मुंबईस अमेरिकन मिशनचा छापखाना १८१७ मध्यें सुरू झाला. त्यानें प्रथम बंगालकडील खिळे वापरले. ते मोठे व ओबडधोबड होते. पुढें त्याच छापखान्यांत तयार झालेल्या टॉमस ग्रॅहॅम यानें देवनागरीचे नवे, सुबक व लहान ठसे कोरले. इकडे गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ मध्यें शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलें, आणि नंतर स्वतःच्या हातानें ठसे पाडून खिळेहि ओतले. गोविंद नारायण माडगांवकर यांनीं ‘मुंबईचें वर्णन’ या १८६३ च्या पुस्तकांत या उद्योगी पुरुषाची आठवण आदरानें केली आहे. छापील पोथी सोवळ्यांत चालेल कीं नाहीं, हा त्या काळचा मोठा वाद. शाईंत चरबी असते, ही हरकत होती. गणपत कृष्णाजी यांनीं चरबीच्या जागीं तूप वापरून ती दूर केली, अशी आख्यायिका सांगतात. शाईची शंका मिटली तरी डोळ्यांची शंका उरतेच. हातानें लिहिलेल्या पोथीची संवय झालेल्या पुराणिकास छापील अक्षर परकें वाटूं नये, म्हणून तें बोरूच्या अक्षरासारखें भरीव ठेवणें हा शहाणपणाचा मार्ग होता.

या मार्गावरून सर्वांत लांब गेले ते जावजी दादाजी चौधरी (१८३९–१८९२). गरिबीमुळें लहानपणींच ते मिशनच्या छापखान्यांत खिळे घासण्याच्या कामावर लागले. घासतां घासतां खिळ्याचा प्रत्येक कंगोरा त्यांच्या बोटांच्या ओळखीचा झाला. १८६४ मध्यें त्यांनीं स्वतःची ओतशाळा काढली आणि १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना. त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू हे ठसे कोरण्यांत विलक्षण निष्णात होते. खिळ्याची घडण वाचकांस ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यांत सांगतों. प्रथम पोलादी कांडीच्या टोकावर अक्षर उलटें कोरावयाचें. ती कांडी तांब्याच्या तुकड्यावर ठोकून त्याची मातृका करावयाची. आणि त्या मातृकेवर शिसें, कथील व अँटिमनी यांचा रस ओतून खिळे पाडावयाचे. म्हणजे छापलेल्या लाखों अक्षरांचें रूप शेवटीं एका माणसाच्या हातांतील कानशीवर अवलंबून असे. एका देवनागरी संचास शेंकडों खिळे लागत. मुळाक्षरें, जोडाक्षरें, काना-मात्रा, रफार, सर्व. साधा संच कोरून झाल्यावर तोच संच काळा करावयाचा, म्हणजे हीं शेंकडों अक्षरें पुन्हां नव्यानें कोरावयाचीं. जाडी वाढविण्याचें यंत्र नव्हतें. जाडीचा विचार प्रत्येक अक्षरापुरता निराळा करावा लागे.

तो विचार कोणता, हें पाहिल्यावांचून काळ्या ठशाचा स्वभाव कळणार नाहीं. रोमन अक्षरांत उभ्या रेषा जाड व आडव्या रेषा बारीक असतात. त्यामुळें तें अक्षर जाड करतांना उभ्या रेषा रुंदावल्या कीं काम बहुतेक होतें. वरखालची जागा मोकळी राहते. देवनागरीचें तसें नाहीं. आपल्या बोरूचा कट निराळा, आणि आपल्या अक्षराच्या माथ्यावर शिरोरेषा आहे. शिरोरेषा जाड केली नाहीं तर अक्षर टांगलेलें दिसतें. जाड केली तर ती खालची जागा खाते. वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार, खालीं उकार, मध्यें ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘द्ध’, ‘ह्म’, ‘ष्ट्र’ यांसारखीं दाटींत उभीं राहिलेलीं जोडाक्षरें. रेषा फुगली कीं पोटांतील पांढरी जागा मिटते; त्यांत शाई भरते आणि ‘द्ध’ व ‘द्व’ ओळखूं येत नाहींत. म्हणून चांगला कोरणारा काळें अक्षर थोडें रुंदहि करतो, वळणाच्या आंतील जागा कोरून मोठी ठेवतो, जेथें दोन रेषा मिळतात तेथें त्यांतील एक हळूच बारीक करतो, आणि शिरोरेषा उभ्या दांड्याहून किंचित हलकी ठेवतो. बोरूनें जें जाड-बारीक आपोआप होई, तें येथें जाणूनबुजून राखलें जातें. सारांश, काळ्या ठशाचें सौंदर्य त्याच्या काळ्यांत नसून काळ्यानें वेढलेल्या पांढऱ्यांत असतें. एवढी गोष्ट ध्यानीं ठेविली, तर बोलावणारें अक्षर व ओरडणारें अक्षर यांतील भेद कोणासहि ओळखतां येईल.

निर्णयसागरानें या ठशाचा जो उपयोग केला, तो विद्वत्तेच्या इतिहासांतहि नमूद करण्याजोगा आहे. १८८६ पासून निघूं लागलेली काव्यमाला आणि त्या छापखान्याचे इतर संस्कृत ग्रंथ ज्यांनीं हाताळले आहेत, त्यांस ठाऊक आहे कीं, मूळ श्लोक मोठ्या, भरीव अक्षरांत आणि टीका खालीं लहान अक्षरांत, अशी त्या पानाची मांडणी असते. पान उघडतांच कवि कोठें बोलतो आणि टीकाकार कोठें, हें न वाचतांच समजतें. कवीचा आवाज मोठा, टीकाकाराचा लहान. येथें जाडी ही सजावट नसून प्रामाणिकपणा आहे. कारण मुळांत काय आहे आणि पुढें कोणीं काय जोडलें, हें ती क्षणोक्षणीं सांगत असते. हीच गोष्ट कोशांची. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळांत निघाले. हजारों शब्दांच्या त्या अरण्यांत आपणांस हवा तो शब्द क्षणांत सांपडतो, तो ठळक अक्षराच्या पायवाटेमुळें. मूळ आणि टीका, शब्द आणि अर्थ, कायद्याचें कलम आणि त्याचें स्पष्टीकरण, जेथें जेथें दोन अधिकारांचे आवाज एका पानावर येतात, तेथें तेथें काळ्या ठशाची गरज आहे.

याच्या उलट टोकास जाहिरात. नाटकाचें हस्तपत्रक, जत्रेची नोटीस, नव्या दुकानाची वर्दी, यांसाठीं मोठाल्या काळ्या अक्षरांचा उपयोग होऊं लागला, आणि वर्तमानपत्रांचे मथळेहि हळूहळू काळे झाले. कित्येक रसिकांस हें अभिरुचीच्या ऱ्हासाचें चिन्ह वाटलें. पण काळेपणा म्हणजे गांवढळपणा, हा समज आम्हांस मान्य नाहीं. विल्यम मॉरिस यासारखा अभिरुचीचा कडवा पुरस्कर्ता आपल्या काळच्या फिकट, करड्या पानांना कंटाळून मागें वळला, आणि १८९१ मध्यें सुरू केलेल्या आपल्या केल्मस्कॉट छापखान्यासाठीं त्यानें पंधराव्या शतकांतील व्हेनिसच्या वळणाचा मुद्दाम काळसर ठसा कोरविला. दोष काळेपणाचा नसतो. तो कोठें व किती याचा असतो.

आतां आमच्या मराठवाड्याकडे वळूं. कारण या ठशानें येथें जें काम केलें, तें पुण्या-मुंबईहून निराळें होतें. निझामाच्या राज्यांत १८८४ च्या सुमारास दरबारी कारभारांतील फारसीची जागा उर्दूनें घेतली. १९१८ मध्यें निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमहि उर्दूच ठरलें. कचेरींत उर्दू, आणि गांवकीच्या व सावकारीच्या दप्तरांत मोडी. उर्दू मजकूर बहुधा कातिबाच्या हातचा, शिळेवरून छापलेला. मोडी तर हातानेंच लिहावयाची. मग बाळबोध अक्षर सामान्य माणसाच्या दृष्टीस पडे कोठें? एक तर प्राथमिक शाळेच्या पुस्तकांत, आणि दुसरें पोथींत. ज्यांनीं शाळेचें तोंड पाहिलें नाहीं अशा कित्येक स्त्रियांची अक्षरओळख चातुर्मासांत पोथी ऐकतां ऐकतां, पाठ असलेल्या ओवीवरून बोट फिरवीत झाली, असें आमच्या भागांतील वडीलधारीं माणसें सांगत. ओवी तोंडीं असे. ती पानावर कोठें आहे तें काळें अक्षर दाखवी. बारीक अक्षरानें हें साधलें नसतें. समईचा किंवा कंदिलाचा उजेड, खडबडीत कागद, पन्नाशीच्या पुढचे डोळे, आणि चाळिशी विकत घेण्याची ऐपत नाहीं, अशा स्थितींत पोथीच्या अक्षरावर किती भार होता, याची कल्पना आज विजेच्या दिव्याखालीं बसून येणें कठीण आहे. मुंबईच्या काळबादेवीवरील कोलभाट गल्लींत निर्णयसागराच्या कारागिरांनीं जें अक्षर झिजवून घडविलें, तशाच अक्षरांनीं गोदावरीच्या व मांजरेच्या कांठीं शाळामास्तराचें काम केलें, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

नांदेडास याची दुसरी साक्षहि आहे. १७०८ मध्यें गुरु गोविंदसिंह यांनीं येथेंच देह ठेविला, आणि तत्पूर्वीं ग्रंथासच गुरुपद दिलें. सचखंड हुजूरसाहेबांत जो ग्रंथ वाचला जातो, त्याची लिपि गुरुमुखी. छापील प्रतींत त्याचीं पानें १४३० ठरलेलीं आहेत, आणि अक्षर मोठें व ठळक असतें; कारण एकानें वाचावयाचें आणि शेंकडों लोकांनीं ऐकावयाचें, तेथें वाचणाऱ्याची नजर एका शब्दावरहि अडखळतां कामा नये. पोथी वाचणारा पुराणिक आणि ग्रंथी यांचे पंथ निराळे, लिप्या निराळ्या. पण दोघांच्या डोळ्यांची गरज एकच. एकट्यानें मनांत वाचावयाचें पुस्तक बारीक चालतें, समुदायासाठीं मोठ्यानें वाचावयाचें पुस्तक काळेंच हवें. हा नियम धर्माचा नसून दृष्टीचा आहे.

निझामी राजवटींत मराठी छापील अक्षरास आणखी एक अर्थ आला. १९२० मध्यें हैदराबादेस लक्ष्मणराव फाटक यांनीं ‘निझाम विजय’ हें साप्ताहिक काढलें. १९२९ च्या गश्ती निशाण ५३ नें सभा भरविण्यावर बंधनें घातलीं. १९३८ मध्यें आ. कृ. वाघमारे यांनीं ‘मराठवाडा’ काढलें. सरकारची बंदी आली कीं तेंच पत्र निराळें नांव घेऊन पुन्हां निघे. या गोष्टींत आमच्या विषयाच्या दृष्टीनें एक मर्म आहे. पत्राचें नांव हें त्याच्या माथ्यावरील सर्वांत मोठें, सर्वांत काळें अक्षर. सरकार तें नांव मिटवी, आणि पत्र दुसरें नांव तितक्याच काळ्या अक्षरांत छापून हजर होई. जेथें सभेंत बोलण्यास बंदी, तेथें मथळाच बोलतो. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान भारतांत आलें, आणि त्यानंतर या भागांत मराठी शाळा, महाविद्यालयें व छापखाने झपाट्यानें वाढले. गांवोगांवच्या लहान छापखान्यांतून खिळ्यांच्या पेट्या आल्या. लग्नपत्रिका, परीक्षेचे कागद, निवडणुकीचीं पत्रकें तेथें जुळूं लागलीं. जुळाऱ्याच्या पेटींत काळ्या ठशाचे खिळे थोडे असत, म्हणून तो ते जपून वापरी. एका पत्रकांत दोन, फार तर तीन ओळी काळ्या. धातूची टंचाई ही त्या काळीं अभिरुचीची पहारेकरीण होती.

तो पहारा आतां उठला आहे. खिळ्यांचें युग संपलें, आणि संगणकाच्या पडद्यावर एक कळ दाबली कीं वाटेल तें अक्षर काळें होतें. संगणकावर देवनागरी आणण्याचें कार्य ज्यांनीं केलें, त्यांत र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांचें नांव अग्रगण्य आहे. मायक्रोसॉफ्टच्या प्रणालींतून घरोघर पोंचलेला ‘मंगल’ हा ठसा त्यांच्या हातचा. पण प्रारंभीं त्यास स्वतंत्र काळा जोडीदार नव्हता. अशा वेळीं संगणक काय करतो? तो साध्या अक्षराच्या कडा सरसकट फुगवितो. आरूंनीं प्रत्येक अक्षरापुरता जो विचार केला असता, तो येथें कोणीच करीत नाहीं. शिरोरेषा फुगते, उकार अक्षरास चिकटतो, ‘द्ध’ च्या पोटांत काजळ भरतें. डोळ्यांस बोलावण्यासाठीं जें अक्षर जाड केलें, तेंच वाचतां येत नाहीं, असा विपरीत प्रकार होतो. कोणी म्हणेल, आतां भ्रमणध्वनीवर अक्षर हवें तेवढें मोठें करतां येतें, मग एवढी काळजी कशाला? परंतु मोठें करणें आणि सुधारणें एक नव्हे. डाग मोठा केला तर मोठा डागच दिसतो. शिवाय औषधाच्या बाटलीवरची सूचना, शिधापत्रिकेवरची ओळ, शेतकऱ्याच्या हातीं पडणारा कर्जाचा कागद आणि परीक्षेंतील प्रश्नपत्रिका यांस बोटांनीं ताणून मोठें करतां येत नाहीं.

दुसरी अडचण अतिरेकाची. लातूरच्या गंजगोलाईंत सोळा रस्ते येऊन मिळतात. तेथें उभें राहून सभोंवार पाहिलें, तर अडत दुकानें, कापडाचीं दुकानें, शिकवणीचे वर्ग, वाढदिवसाच्या शुभेच्छा, सर्वच फलक एकाहून एक काळे, जाड आणि दाट. पूर्वीं रंगारी हातानें फलक लिही. अक्षराच्या पोटांत कुंचला फिरला पाहिजे, म्हणून त्यास पांढरी जागा सोडणें भागच पडे. आतांच्या छापील फ्लेक्सवर ती अटहि उरली नाहीं. सोळाहि रस्त्यांनीं एकदम हांका ऐकूं आल्या, तर माणूस कोणत्याच हांकेस ओ देत नाहीं. काळा ठसा हा स्वरांतील षड्जाप्रमाणें आहे. भोंवतीं इतर स्वर असतील तरच तो आधार होतो.

तथापि निराश होण्याचें कारण नाहीं. गेल्या कांहीं वर्षांत देवनागरीचे नवे ठसे घडविणारे तरुण कारागीर पुन्हां अक्षराच्या पोटांतील पांढऱ्याचा विचार करूं लागले आहेत. मुंबईच्या ‘एक टाईप’ या मंडळीनें काढलेला ‘मोदक’ हा ठसा इतका गुबगुबीत आहे कीं, अक्षरांतील मोकळी जागा केवळ एका फटीएवढी उरते. तरी ती फट अशा बेतानें ठेविली आहे कीं अक्षर ओळखूं येतें. अहमदाबादच्या इंडियन टाईप फाउंड्रीचा ‘रोझा वन’ हा तर जुन्या लंडनच्या लठ्ठ अक्षरांचीच आठवण देतो, पण त्याची देवनागरी आपल्या जाड-बारीक वळणानें चालते. हीं अक्षरें मथळ्यांचीं आहेत. त्यांत कोणी ग्रंथ छापणार नाहीं. ग्रंथासाठीं, पोथीसाठीं आणि पाठ्यपुस्तकासाठीं निराळा, संयमी काळा ठसा हवा. साध्या ठशाच्या जोडीनें स्वतंत्र कोरलेला, फुगविलेला नव्हे.

येथें वाचकांचाहि कांहीं अधिकार आहे, आणि तो आपण गाजवीत नाहीं, एवढीच आमची तक्रार आहे. धान्य घेतांना आपण मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहतों, कापड घेतांना पोत चिमटींत धरतों. पुस्तक घेतांना मात्र अक्षर कसें आहे हें पाहात नाहीं. घरांतील वृद्धांसाठीं पोथी घ्यावयाची असेल, तर एक सोपी परीक्षा आहे. पान हातभर अंतरावर धरावें आणि त्यांतील सर्वांत दाट जोडाक्षर शोधावें. त्याच्या पोटांतील पांढरें दिसत असेल, तर ठसा कोरणाऱ्यानें वाचणाऱ्याचा विचार केला आहे. तें काळ्यांत बुडालें असेल, तर पोथी कितीहि स्वस्त असो, ती परत करावी आणि दुकानदारास कारणहि सांगावें. शाळांच्या चालकांनीं पाठ्यपुस्तकांस, ग्रामपंचायतींनीं आपल्या फलकांस आणि प्रकाशकांनीं आपल्या मथळ्यांस हीच परीक्षा लावावी. जावजी दादाजींच्या काळीं एक अक्षर पोलादावर कोरण्यास कारागिराचा बराच वेळ जाई, आणि तें घासूनपुसून तयार झालें म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वाचलें जाई. आज तेवढा वेळ लागत नाहीं. तरी तेवढी काळजी घेण्यास कोणाची आडकाठी नाहीं.